बेली डान्स (पाश्चात्त्य देशांतील आगमन)

इजिप्तमध्ये रूढ असलेल्या आणि कंबर, नितंब व पोट यांच्या हालचालींवर भर देणाऱ्या नृत्याला पाश्चात्त्यांनी दिलेले नाव. अरबी भाषेत त्याच्या रंगमंचीय रूपाला ‘रक्स शर्की’ (पूर्वेचे नृत्य) आणि लग्नकार्यात, घरोघरी नाचल्या जाणाऱ्या रूपाला ‘रक्स बलदी’ (आपल्या मुलखाचे नृत्य) म्हणतात. पोटाचा उल्लेख या दोन्ही नावांत नाही. तो फ्रेंचांनी आणला आणि इंग्रजीने उचलला; मराठीत हा शब्द इंग्रजीतूनच आला.

एकोणिसाव्या शतकात कैरोत दोन प्रकारच्या कलावती होत्या. ‘अवालिम’ (एकवचन आलिमा) श्रीमंत घरांच्या जनानखान्यात गात व नाचत. आलिमा म्हणजे जाणकार स्त्री. ‘इल्म’ आणि ‘आलिम’ हे शब्द याच धातूचे. ‘गवाझी’ मात्र रस्त्यावर, चौकात नाचत. १८३४ मध्ये मुहम्मद अली पाशाच्या राजवटीने सार्वजनिक नाच करणाऱ्या स्त्रियांना कैरोतून हुसकावले. त्यांतल्या अनेकजणी एस्ना, केना, अस्वान अशा दक्षिणेकडच्या गावांत गेल्या. परिणामी, नाईलमधून होडीने प्रवास करणाऱ्या युरोपीय हौशी मंडळींना हे नृत्य तेथेच पाहायला मिळू लागले. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर १८५० मध्ये एस्ना येथे कुचुक हानेम या नर्तकीला भेटला आणि त्याच्या लेखनामुळे ती युरोपात प्रसिद्ध झाली. ‘कुचुक हानेम’चा तुर्की अर्थ ‘छोट्या बाईसाहेब’. म्हणजे हे टोपणनाव. खरे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ‘कैरोचा रस्ता’ उभारला होता व तेथील नाचाला तुफान गर्दी होई. हाच प्रयोग १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात झाला. (या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे आपल्याकडे ते विवेकानंदांच्या नावाशी जोडलेले आहे.) मनोरंजनाची दालने मुख्य प्रदर्शनाबाहेर ‘मिडवे’ नावाच्या सुमारे दीड किलोमीटर लांब पट्ट्यात होती, फेरिसचे प्रचंड चक्रही तेथेच फिरत होते. मिडवेचा कारभार सॉल ब्लूम या विशीतल्या तरुणाकडे होता. पोटाच्या नावातच गर्दी खेचण्याची ताकद आहे हे त्याने ओळखले. पाश्चात्त्य व्यंगचित्रपटांत गारुड्याच्या पुंगीसोबत हमखास वाजणारी धून आपणच पियानोवर सुचेल तशी वाजवली, असाही त्याचा दावा होता.

या नृत्याविरुद्ध नीतिरक्षकांनी आरडाओरडा केला. त्यांचा अमेरिकेतील म्होरक्या अँथनी कॉमस्टॉक याने तर ते बंद पाडण्याचा चंगच बांधला होता. वस्तुतः नर्तकींचा पेहराव आजच्या मानाने भरपूर झाकलेला होता: लांब घागरा, पोलके, वर जाकीट. धक्का नग्नतेचा नव्हता. घट्ट कॉर्सेटमध्ये आवळलेल्या बायका पाहण्याची सवय असलेल्या समाजाला मोकळी, वळणारी कंबर पाहवेना, एवढाच त्याचा अर्थ.

शिकागोतील ‘लिटल इजिप्त’ ही नर्तकी पुढे दंतकथा झाली. मात्र त्या नावाची कोणी नर्तकी प्रदर्शनात नाचल्याचा भक्कम पुरावा नाही. नाव गाजले ते नंतर. १८९६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका श्रीमंती मेजवानीवर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा अशिया वाबे ही नर्तकी याच नावाने वर्तमानपत्रांत झळकली. फहरेदा माझार स्पायरोपोलस हिनेही खरी लिटल इजिप्त आपणच असे सांगितले. तोवर जत्रांच्या तंबूंतून ‘हूची-कूची’ नावाची सवंग नक्कल अमेरिकाभर पसरली होती. एडिसन कंपनीने १८९६ मध्ये फातिमा नावाच्या नर्तकीचे चलच्चित्र टिपले. त्याच्या एका प्रतीत छाती आणि कंबर यांवर कुंपणासारखे पांढरे पट्टे मारलेले दिसतात. चित्रपटाच्या इतिहासातील सेन्सॉरशिपचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. १९०८ मध्ये पाश्चात्त्य नर्तकी मॉड अ‍ॅलनच्या लंडनमधील ‘सालोमे’ (बायबलच्या कथेतील नाचणारी राजकन्या) नृत्याने तर या कल्पित पूर्वेची साथच पसरली, आणि तीत पूर्वेकडची नर्तकी नावापुरतीही नव्हती.

पुढे उलटा प्रवास झाला. बदिया मसाब्नी हिने १९२६ मध्ये कैरोत सुरू केलेल्या रंगगृहात सामिया गमाल व तहिया कारिओका यांच्यासारख्या कलावती घडल्या. युरोपीय रंगभूमी आणि हॉलिवूड यांच्या प्रभावाने चोळी-पट्ट्याचा, उघड्या पोटाचा चमचमता वेश तेथे रुळला. पुढे इजिप्तच्या सरकारने पोट झाकण्याची सक्ती केली, तेव्हा नर्तकींनी त्यावर झिरझिरीत जाळी ओढली.