मॉरिशसच्या मराठी घरांसाठी: पूर्वजाची नोंद कशी शोधायची आणि ओसीआयचा अर्ज कसा करायचा

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात येण्या-राहण्याची कायमची मुभा देणारे) कार्ड घेता येईल, अशी विशेष तरतूद मंजूर झाल्याचे त्यांनी तिथे जाहीर केले. नेहमीचा नियम पणतवंडांपाशी थांबतो. रत्नागिरीकडचा एखादा तरुण १८४५ च्या सुमारास मुंबई बंदरातून गेला असेल, तर आज कामाधंद्याला लागलेली मुले त्याची सहावी-सातवी पिढी. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी सर्वांत आधी घर सोडले, तीच कुटुंबे या नियमाबाहेर राहत होती. आता दार उघडले आहे, पण आत जायला कागद लागतात. बहुतेकांचे गाडे तिथेच अडते, म्हणून या लेखात फॉर्मपेक्षा कागदांबद्दल जास्त लिहितो आहे.

हे कागद आले कुठून

मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ मध्ये कायद्याने संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे झाले. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले होते. पुढच्या चार वर्षांत मजुरांच्या हालअपेष्टांवरून इतका गवगवा झाला की १८३८ मध्ये ही वाहतूक थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून, सरकारी एजंटाच्या देखरेखीखाली. मराठी माणसे गेली ती मुख्यतः मुंबईतून. त्यांत कोकणातली फार.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले की दगडी पायऱ्या चढून डेपोत जायचे. हाच आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ. तिथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि नोंदवहीत जहाज, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरच्या खुणा असे सगळे उतरवले जाई. आईबापांबरोबर आलेल्या मुलांचीही नोंद होई. १८६७ च्या कायद्याने तर मजुरीचा करार संपलेल्या माणसालाही स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसला की पोलीस धरत. ही वही माणसांवर पहारा ठेवण्यासाठी होती, हे विसरू नये. पण आज तुमच्या खापरपणजोबांचे गाव ज्या कागदावर सापडू शकते, तो बहुधा हा एकच.

शोध स्वतःपासून मागे न्या

पुष्कळ जण रत्नागिरीपासून सुरुवात करतात आणि थकतात. तिकडचे जुने गावदप्तर मुख्यतः जमिनीचे. मजुरीला बाहेर पडलेल्याच्या नावावर बहुधा जमीनच नव्हती, मग तो त्या दप्तरात सापडणार कसा? म्हणून आधी मॉरिशसच्या सिव्हिल स्टेटस कार्यालयातून आपला जन्मदाखला, आईवडिलांच्या लग्नाचा आणि जन्माचा दाखला, मग आजी-आजोबांचे, असे एकेक पिढी मागे चला. मॉरिशसमध्ये जन्मलेल्याला क्रमांक नव्हता, तो बाहेरून आलेल्यालाच मिळे. तुमच्या साखळीत क्रमांक असलेली जी व्यक्ती सापडेल, ती तुमचा मूळ पुरुष.

पुरुष म्हणतो खरे, पण ती बाईही असू शकते. त्या काळी नुसत्या धार्मिक विधीने लागलेल्या लग्नाला सरकारदरबारी मान नव्हता. मंडपात, चारचौघांसमोर लग्न झालेल्या जोडप्याची मुलेही कागदावर फक्त आईच्या नावाने चढलेली दिसतात. असा दाखला हाती आला तर मान खाली घालायचे कारण नाही आणि शोधही सोडू नका. आईच्या बाजूने साखळी जुळवा. वंश दाखवायला ती बाजू तितकीच चालते.

दुसरी अडचण नावांची. कारकुनाने कानावर पडले तसे इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिले, त्यामुळे एकाच माणसाचे नाव तीन दाखल्यांत तीन तऱ्हांनी दिसते. शिवाय बापाचे पाळण्यातले नाव मुलांचे आडनाव होऊन बसले. तुमचे आजचे आडनाव म्हणजे बहुधा कुणा आजोबाचे नुसते नाव आहे. कोकणात त्या आडनावाचे घराणे शोधत फिरू नका. फरक मोठा असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे शपथपत्र करून जोडावे, आणि ते अर्ज भरण्याआधी करावे.

क्रमांक हाती आला, किंवा निदान नाव आणि आगमनाचे अंदाजे वर्ष कळले, की मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जा. या नोंदवह्या तिथल्या भारतीय आप्रवासन अभिलेखागारात ठेवल्या आहेत आणि तिथून नोंदीचा प्रमाणित उतारा मिळतो. जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांची पेटी उघडून बघा. जुना पास, मळ्यावरचा एखादा कागद, काहीही क्रमांक सांगून जाते.

गावाचे नाव वाचताना

उताऱ्यावर जिल्हा 'रत्नागिरी' असेल तर नकाशा आजचा धरू नका. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये. त्यामुळे जुन्या रत्नागिरीत मालवण, वेंगुर्ला, देवगड हेही आले. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होते. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग ही नावे दिसली तर तो किल्लाच असेल असे नाही, तालुकेही त्याच नावांनी ओळखले जात. घरात गणपतीत नाचली जाणारी झाकरी, कुलदैवताचे नाव, एखादे जुने गाणे यांवरूनही गावाचा माग लागू शकतो, पण तो तुमच्या समाधानासाठी. अर्जाला उतारा लागतो.

अर्ज

साखळी पूर्ण झाली की उरलेले काम सोपे आहे. ओसीआयच्या सरकारी संकेतस्थळावर अर्जाचा भाग अ आणि भाग ब भरायचा, चौकोनी फोटो आणि सही चढवायची. सोबत चालू मॉरिशस पासपोर्ट, मुदत किमान सहा महिने उरलेली, तुमच्यापासून पूर्वजापर्यंतचे सगळे दाखले आणि मोका इथला उतारा. भरलेल्या अर्जाची छापील प्रत आणि मूळ कागद पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयात दाखवायचे. भारताबाहेरून अर्जाचे शुल्क २७५ अमेरिकी डॉलर किंवा तेवढे स्थानिक चलन आहे. घरातल्या सहा जणांसाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून आधी एकाचा अर्ज करा. तो मंजूर झाला की तीच साखळी भावंडांना वापरता येईल.

आई, वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा-पणजी यांपैकी कुणी कधीही पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक असेल तर हे कार्ड मिळत नाही. नवरा किंवा बायको भारतीय वंशाची नसली तरी लग्न नोंदवलेले असावे आणि अर्जाआधी सलग दोन वर्षे टिकलेले असावे, मग त्यांनाही वेगळा अर्ज करता येतो. विसाव्या वर्षाआधी काढलेले कार्ड, वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट काढला की, एकदा बदलून घ्यावे लागते.

ओसीआय म्हणजे भारताचे नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. मिळतो तो आयुष्यभराचा, कितीही वेळा येण्याजाण्याचा व्हिसा, आणि कितीही दिवस राहिलात तरी पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, आणि हे आधीच नीट समजून घ्या. पूर्वजाचे गाव सापडले की तिथे चार गुंठे घ्यावेत असे मनात येणारच, पण शेती, बागायत किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही. राहते घर किंवा फ्लॅट घेता येतो. गावात कुणी गोड बोलून सातबारा दाखवू लागला तर पैसे देण्याआधी वकिलाला विचारा.

आणि मोका इथे उतारा मागाल तेव्हा फोटोचीही चौकशी करा. १८६० च्या दशकापासून पुष्कळांचे फोटो काढले गेले. अर्जासाठी फोटोची गरज नाही, तरी मागाच.