माघार नेमकी कुठपर्यंत? जॉर्जिया २००८ : पार्श्वभूमी

२२ ऑगस्ट २००८ च्या संध्याकाळी रशियाचे संरक्षणमंत्री अनातोली सेर्द्युकोव्ह यांनी अध्यक्ष मेदवेदेव यांना कळवले, की जॉर्जियातून फौजा ठरल्याप्रमाणे मागे घेतल्या आहेत. त्याच वेळी काळ्या समुद्रावरच्या पोती बंदराच्या वेशीवर रशियन सैनिक खंदक खणून ठाण मांडून होते. ही युद्धविराम करारातली माघार नव्हे, असे वॉशिंग्टन आणि पॅरिसने लगेच सांगितले. रशिया आणि जॉर्जिया यांच्यातली लढाई पाच दिवसांत थांबली होती. 'माघार' या शब्दाचा अर्थ काय, यावरचा वाद मात्र पुढे कित्येक वर्षे पुरला.

त्या वादाची मुळे नव्वदच्या दशकातल्या कागदपत्रांत आहेत. डिसेंबर १९९० मध्ये जॉर्जियाने आपल्याच उत्तर भागातल्या, फुटून निघू पाहणाऱ्या दक्षिण ओसेतियाची स्वायत्तता रद्द केली आणि तिथे युद्ध पेटले. २४ जून १९९२ रोजी रशियाचे येल्त्सिन आणि जॉर्जियाचे शेवर्दनाद्झे यांनी सोची येथे युद्धविराम केला. रशियन, जॉर्जियन आणि ओसेतियन अशा तिन्ही बाजूंचे शांतिसैनिक तिथे उभे राहिले. अबखाझिया या जॉर्जियातल्या दुसऱ्या फुटीर प्रदेशातले युद्ध १९९३ मध्ये संपले, तेव्हा दोन लाखांहून अधिक जॉर्जियन घरदार सोडून निघाले होते. मे १९९४ च्या करारानंतर तिथे जे शांतिसैनिक आले ते नावाने माजी सोव्हिएत देशांच्या राष्ट्रकुलाचे, प्रत्यक्षात रशियाचे होते. म्हणजे ज्या देशाचे हितसंबंध या भांडणात गुंतले होते, त्याच्याच हाती पंचाचे काम आले. माझ्या मते पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो. रशियन सैनिक जॉर्जियात असणे कायदेशीर होते. प्रश्न उरला तो किती आणि कुठे, एवढाच.

रशियाने जॉर्जियातून सैन्य मागे घेण्याचीही ही पहिली वेळ नव्हती, आणि हे सहसा विसरले जाते. नोव्हेंबर १९९९ मध्ये इस्तंबूलच्या शिखर परिषदेत सोव्हिएत काळातले तळ रिकामे करायला रशियाने मान्यता दिली होती. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीजवळचा वाझियानी तळ २००१ मध्ये सुटला, अखालकालाकी आणि बातुमी हे तळ २००७ मध्ये. अबखाझियातला गुदाउता तळ आपण बंद केला आहे, असे मॉस्को सांगत राहिले आणि तिबिलिसीने ते कधीच मानले नाही. शेवटचा मोठा तळ सोडून वर्षही उलटले नव्हते, तोच रणगाडे रशिया आणि दक्षिण ओसेतिया यांना जोडणाऱ्या रोकी बोगद्यातून पुन्हा दक्षिणेला उतरले.

मधल्या काळात दोन घटनांनी आग धुमसवली. फेब्रुवारी २००८ मध्ये कोसोव्होने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले आणि पाश्चात्त्य देशांनी ते मान्य केले. मॉस्कोने तो दाखला लक्षात ठेवला. एप्रिलमध्ये बुखारेस्टला नाटोने जॉर्जिया एक दिवस सदस्य होईल असे जाहीर केले, पण जर्मनी आणि फ्रान्सच्या विरोधामुळे त्यासाठीचा ठोस कार्यक्रम दिला नाही. रशियाला डिवचण्याइतके आश्वासन दिले गेले. जॉर्जियाचे रक्षण होईल इतके दिले गेले नाही.

७ ऑगस्टच्या रात्री जॉर्जियन तोफखान्याने दक्षिण ओसेतियाची राजधानी त्स्खिनवालीवर मारा केला, रशियन फौजा आत आल्या आणि काही दिवसांत ओसेतियाच्या हद्दीबाहेरच्या गोरी शहरापर्यंत पोहोचल्या. युरोपीय महासंघाने नेमलेल्या चौकशी समितीने पुढच्या वर्षी जो अहवाल दिला, त्यानुसार सुमारे ८५० माणसे मेली आणि एक लाखाहून अधिक नागरिक घरे सोडून पळाले. जॉर्जियाचा मारा आंतरराष्ट्रीय कायद्यात बसणारा नव्हता, असे त्या अहवालाने म्हटले. रशियाने स्वसंरक्षणाच्या पलीकडे जाऊन जॉर्जियात खोलवर केलेली कारवाईही त्याने समर्थनीय मानली नाही.

आता युद्धविरामाचा तो कागद पाहू, कारण सगळे त्यावरच अडले. १२ ऑगस्टला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आधी मॉस्कोला आणि मग रात्री तिबिलिसीला गेले. युरोपीय महासंघाचे अध्यक्षपद तेव्हा फ्रान्सकडे होते. मसुद्यात सहा कलमे होती. सहाव्यात दोन्ही प्रदेशांच्या भावी 'दर्जा'वर चर्चा असे शब्द होते; जॉर्जियाचे अध्यक्ष साकाश्विली त्याला तयार होईनात. मेदवेदेव यांच्याशी फोनवर बोलून ते शब्द काढले गेले आणि 'सुरक्षा व स्थैर्य' हे शब्द आले. पण खरी मेख पाचव्या कलमात होती. युद्धाआधीच्या रेषेपर्यंत रशियन फौजा मागे जातील, आणि आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभी राहीपर्यंत रशियन शांतिसैनिक 'सुरक्षेचे अतिरिक्त उपाय' करतील, असे ते कलम होते. हे उपाय कोणते, कुठे, किती दिवस, यावर कलमात अवाक्षर नव्हते आणि सोबत नकाशाही नव्हता. सार्कोझी यांनी नंतर पत्राने खुलासा केला, की हे उपाय ओसेतियाच्या हद्दीपासून काही किलोमीटरपुरते आहेत आणि गोरी त्यात येत नाही. रशियाने मात्र १९९२ च्या युद्धविरामावर देखरेख करणाऱ्या जुन्या संयुक्त नियंत्रण आयोगाच्या निर्णयांकडे बोट दाखवले, हद्दीबाहेर रुंद 'सुरक्षा पट्टा' आखला आणि तिथे चौक्या बसवल्या. पोती तर दोन्ही प्रदेशांच्या बाहेर, हद्दीपासून कितीतरी दूर; तिथल्या चौकीला कुठला जुना कागद लागू होतो, हे कोणालाच पटवता आले नाही.

प्रतिक्रिया वेगवेगळ्या आल्या. पोलंड, युक्रेन, लिथुआनिया आणि एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष व लॅटव्हियाचे पंतप्रधान युद्ध थांबत असतानाच तिबिलिसीत येऊन साकाश्विलींच्या शेजारी उभे राहिले. रशियन फौजा परत जाताना पाहण्याचा आणि न जाताना पाहण्याचाही अनुभव या देशांच्या गाठीशी होता. नाटोच्या परराष्ट्रमंत्र्यांनी १९ ऑगस्टला सांगितले, की रशियाशी पूर्वीसारखे व्यवहार चालू ठेवता येणार नाहीत. सुरक्षा परिषदेत माघारीची मागणी करणारा फ्रेंच मसुदा रशियापुढे टिकला नाही. युरोपीय महासंघाने १ सप्टेंबरला नव्या भागीदारी कराराची बोलणी पुढे ढकलली आणि अट घातली, ती ७ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतण्याची. निर्बंध कोणी लावले नाहीत.

त्याआधी २६ ऑगस्टला रशियाने दोन्ही प्रदेशांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली होती. या एका निर्णयाने माघारीचे गणितच फिरले: तिथले सैन्य आता मॉस्कोच्या लेखी जॉर्जियात नव्हतेच. दोनच दिवसांनी दुशान्बे इथे शांघाय सहकार्य संघटनेची परिषद भरली. चीन आणि मध्य आशियाई देशांनी रशियाच्या शांतताप्रयत्नांची पाठराखण केली, पण प्रादेशिक अखंडतेचा उल्लेखही केला आणि मान्यता दिली नाही. मला ही प्रतिक्रिया सगळ्यात बोलकी वाटते. आपल्याच देशातले फुटीरवाद डोळ्यांसमोर असताना दुसरे काही म्हणणे त्यांना परवडणारे नव्हते.

८ सप्टेंबरला सार्कोझी पुन्हा मॉस्कोला गेले आणि या वेळी तारखा लिहून घेतल्या. पोतीचा पट्टा सात दिवसांत सोडायचा. १ ऑक्टोबरपर्यंत युरोपीय महासंघाने किमान २०० निरीक्षक आणायचे आणि त्यानंतर दहा दिवसांत रशियाने सुरक्षा पट्टा रिकामा करायचा. पोतीच्या चौक्या १३ सप्टेंबरला उठल्या. ८ ऑक्टोबरला गोरीच्या उत्तरेची कारालेतीची चौकी मोडली गेली, ट्रक ओसेतियाकडे गेले आणि मागोमाग गावकरी आपापली घरे बघायला परतले. त्यांतली अनेक जळालेली होती.

पण ७ ऑगस्टपूर्वी तिबिलिसीच्या ताब्यात असलेले दक्षिण ओसेतियातले अखालगोरी आणि अबखाझियातले कोदोरीचे वरचे खोरे परत मिळाले नाही. दोन्ही प्रदेशांत प्रत्येकी सुमारे ३,८०० सैनिक ठेवणार असल्याचे रशियाने उघडपणे सांगितले. तरीही नोव्हेंबरमध्ये युरोपीय महासंघाने रशियाशी बोलणी पुन्हा सुरू करायचे ठरवले. लिथुआनियाने विरोध केला, पण तो एकटा पडला. जून २००९ मध्ये अबखाझियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक पथकाची मुदतवाढ रशियाने नकाराधिकार वापरून रोखली. युरोपीय निरीक्षक उरले, पण हद्दीच्या पलीकडे त्यांना पाऊल टाकू दिले जात नाही.

ओसेतियाच्या हद्दीबाहेरच्या पेरेवी या छोट्या गावातली रशियन चौकी तेवढी राहिली होती. ती १८ ऑक्टोबर २०१० रोजी उठली, सेर्द्युकोव्ह यांच्या त्या निवेदनानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने. पुढच्या काही वर्षांत खुर्वालेतीसारख्या गावांत शेतांमधून काटेरी तारा ओढल्या गेल्या आणि काही घरे रातोरात तारेच्या पलीकडे गेली.