रांगेत अडकलेला संदेश

९ डिसेंबर २०२५ रोजी विंडोज १० साठी सुरक्षा अपडेट आले आणि काही कार्यालयांतली सॉफ्टवेअर अडून बसली. नोंदींमध्ये कारण लिहिलेले होते: डिस्कवर जागा किंवा मेमरी अपुरी आहे. प्रत्यक्षात कमी पडली होती ती परवानगी. एमएसएमक्यू ही एका प्रोग्रामचे संदेश रांगेत ठेवून दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारी विंडोजची सेवा. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात तिच्या नावाचे फोल्डर असते आणि त्याच्या आत स्टोरेज. अपडेटनंतर, संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या खात्याला तिथे लिहिण्याची मुभा असणे गरजेचे झाले. एरवी ती फक्त ॲडमिनिस्ट्रेटरकडे असते. मुभा नाही म्हणून फाइल तयार होईना, फाइल नाही म्हणून संदेश रांगेत शिरेना, आणि वापरणाऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर या नकाराचे ‘जागा अपुरी’ झाले. १८ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती दिली.

घरगुती संगणकावर ही सेवा सहसा बंदच असते, त्यामुळे बहुतेकांना याची झळ लागली नाही. पण हा बिघाड समजून घेण्यासारखा आहे. संदेशांच्या रांगेत घोटाळा झाला की पडद्यावरची चुकीची सूचना (एरर) बहुधा परिणाम सांगते आणि कारण दुसरीकडेच राहते. तसे होण्याला या यंत्रणेची घडणच जबाबदार आहे.

दोन प्रोग्राम एकमेकांशी थेट बोलत असतील तर दोघेही त्या क्षणी चालू हवेत आणि मधले नेटवर्कही शाबूत हवे. मेसेज क्यूइंग, म्हणजे एमएसएमक्यू, ही १९९७ पासूनची सेवा ती अट काढून टाकते. पाठवणारा प्रोग्राम संदेश आपल्याच संगणकावरच्या सेवेकडे सोपवतो आणि पुढच्या कामाला लागतो. पलीकडचा संगणक बंद असला तरी सेवा संदेश सांभाळून ठेवते आणि वाट मोकळी झाली की पोहोचवते. नेटवर्कचे रुसवेफुगवे प्रोग्रामला कळू न देणे हेच तिचे काम. म्हणूनच ‘संदेश पाठवला’ या उत्तराचा अर्थ फार मर्यादित असतो: आपल्या संगणकाने तो स्वीकारला, एवढाच. पलीकडे त्या नावाची रांग अस्तित्वातच नसली, तरी पाठवणाऱ्याला त्या क्षणी काही कळत नाही.

तेव्हा काय चुकले हे विचारण्याआधी संदेश आत्ता कुठे आहे हे शोधावे. विंडोजच्या कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये मेसेज क्यूइंगखाली ‘आउटगोइंग क्यूज’ दिसतात. तिथे संदेशांचा आकडा वाढतो आहे आणि स्थिती ‘वेटिंग टू कनेक्ट’ आहे, तर संदेश अजून आपल्याच यंत्रावर आहे. दोष नावात, नेटवर्कमध्ये किंवा पलीकडे. त्या यादीत काहीच नाही आणि पलीकडेही काही पोहोचलेले नाही, तर तो मधल्या मध्ये टाकून दिला गेला. आणि पलीकडच्या रांगेत संदेश साचलेत, तर नेटवर्कला हात लावू नये. वाचणारा प्रोग्राम झोपला आहे.

पहिल्या प्रकारात बहुतेक जण सर्वांत आधी पिंग करतात, म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येते का ते पाहतात. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये नेटवर्कचा असाच एक त्रास शोधण्यासाठी हे छोटे साधन लिहिले, आणि ते आजही उपयोगी आहे. पण पिंगला पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या ठरावीक सेवेच्या दाराचा क्रमांक, नसतो. उत्तर आले तर समोरचे यंत्र जागे आहे एवढेच सिद्ध होते, सेवा ऐकते आहे की नाही हे नाही. उत्तर आले नाही तर तेवढेही सिद्ध होत नाही, कारण विंडोजची फायरवॉल (नेटवर्कवरून येणारे-जाणारे तपासणारी पहारेकरी) पिंगला अनेकदा अडवूनच ठेवते. एमएसएमक्यू टीसीपीच्या १८०१ पोर्टवर ऐकते, म्हणून प्रश्न त्याच दारावर विचारावा. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ आज्ञा संगणकाचे नाव आणि पोर्ट घेऊन नेमके हे करते.

तिचे उत्तर नकारार्थी आले, तर ते किती वेळाने आले याकडे लक्ष द्यावे. मला या तपासातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. झटकन नकार आला, तर पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) त्या यंत्रापर्यंत पोहोचले आणि तिथे त्या पोर्टवर कोणी ऐकत नव्हते: सेवा बंद आहे. बराच वेळ शांतता राहून मग हार मानली गेली, तर पॅकेट वाटेत कुणीतरी गिळले (बहुधा फायरवॉलने) किंवा ते भलत्याच पत्त्यावर गेले. पत्त्याची शंका असेल तर संगणकाचे नाव कोणत्या आयपी पत्त्यात बदलते ते ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने पाहावे आणि आपल्या यंत्राचा पत्ताही तपासावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला पत्ता देणारा सर्व्हर सापडलेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) जोडल्यावरच अडचण येत असेल, तर पॅकेटने कुठून जायचे हे ठरवणारी मार्गांची यादी बहुधा बदलली आहे.

या टप्प्यावर फायरवॉल सरसकट बंद करण्याचा मोह होतो. तो टाळाच. एप्रिल २०२३ मध्ये याच सेवेतली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली: १८०१ वर खास रचलेले पॅकेट पाठवून दुरून त्या संगणकावर आपला कोड चालवता येत होता. दार उघडायचे ते फक्त ज्या यंत्रांना गरज आहे त्यांच्यासाठी.

टाकून दिलेल्या संदेशांचा माग काढणे अधिक अवघड आहे. ट्रान्झॅक्शनल रांगेकडे (जी फक्त व्यवहाराचा भाग म्हणून पाठवलेले संदेश घेते) साधा संदेश पाठवला की तो पोहोचतो आणि निमूटपणे फेकला जातो. असे संदेश ‘डेड-लेटर’ रांगेत जमा होऊ शकतात, पण पाठवताना प्रोग्रामने तशी मागणी केली असेल तरच. ती मागणी हा एका ओळीचा मामला असतो आणि ती ओळ प्रत्येक प्रोग्राममध्ये असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. एकाच डिस्कची नक्कल करून अनेक संगणक उभे केले असतील तर आणखी एक खोच असते: सेवेचा खास ओळखक्रमांकही नकलेसोबत जातो, दोन यंत्रे एकाच ओळखीने वावरतात, आणि संदेश कधी पोहोचतात, कधी अडकतात.

आणि रीस्टार्ट? सेवा बंद करून चालू करणे हा लोकप्रिय उपाय आहे, पण ‘एक्सप्रेस’ प्रकारचे संदेश फक्त मेमरीत असतात. सेवा थांबली की ते गेले. ‘रिकव्हरेबल’ संदेश डिस्कवर लिहिलेले असल्याने टिकतात. त्यामुळे रीस्टार्टआधी रांगांचे आकडे, त्यांची स्थिती आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या नोंदी जतन कराव्यात, आणि आपला प्रोग्राम कोणत्या प्रकारचे संदेश पाठवतो ते त्याच्या लेखकाला विचारावे.

दोष सापडून वाट मोकळी झाली की साचलेले सारे संदेश एकदम पलीकडे धावतात. त्यांत काही तासांपूर्वीचे असतात, काही कित्येक दिवसांपूर्वीचे. दरम्यान कुणी तीच नोंद हाताने केली असेल, तर ती आता दुसऱ्यांदा होते. म्हणून दुरुस्तीच्या आधी वाचणारा प्रोग्राम थांबवावा, रांग भरू द्यावी, शिळे संदेश बाजूला काढावेत आणि मगच वाचन सुरू करावे.