युद्धातली जीप की उंच बॉनेटची? रंग देण्याआधी वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक जुन्या जीपच्या आरसी बुकात नुसतं 'विलीज' लिहिलेलं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ही महायुद्धातली का?" बहुधा नसते.

युद्धातली म्हणजे १९४१ ते १९४५ या काळात टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडने बनवलेली एमबी, किंवा तिच्याच आराखड्यावरची फोर्डची जीपीडब्ल्यू. उंच बॉनेटची म्हणजे विलीजचीच सीजे-३बी, ती आली १९५३मध्ये, नागरी वापरासाठी. दोन्हींचा व्हीलबेस ८० इंच, इंजिन चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. पण एमबीचे सगळे व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये आणि ताकद ६० हॉर्सपॉवर. ३बीत इनटेक (इंधन-हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले, ताकद वाढली, इंजिनही उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत ती १९६८मध्ये थांबली. महिंद्राने पुढेही बनवली. आपल्याकडे दिसते ती बहुतेक हीच.

वरवरची ओळख सोपी आहे. युद्धातल्या पत्र्याच्या ग्रिलला नऊ फटी, ३बीला सात. एमबीला मागे फाळका नाही, आणि तिचे हेडलाइट उलटे वळवून इंजिनावर उजेड पाडता येतो. पण ग्रिल आणि पत्रा बदलता येतो, म्हणून आम्ही चासी पाहतो. रेडिएटरखालचा आडवा तुकडा विलीजमध्ये गोल नळीचा, फोर्डमध्ये चॅनेलचा, म्हणजे पन्हळीसारखा. फोर्डच्या बोल्टच्या डोक्यावर 'एफ' असतो. चासी नंबर फोर्डच्या डाव्या चासीवर ठोकलेला, तर एमबीचा पुढच्या बंपरमागे, डाव्या चासीला आतून रिव्हेट केलेल्या पट्टीवर.

नेमकं हेच आधी नाहीसं होतं. गाडी घेतली की लगेच सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज काढणं), पुट्टी, हिरवा रंग, पांढरा तारा, आणि मग गाडी आमच्या दारात. तोवर पट्टी भंगारात गेलेली, बोल्ट नवे, नंबर पुट्टीखाली. तो शोधायला आम्ही ताजा रंग खरवडतो. रंगाचे पैसे वाया, कामही लांबतं. नंबरवरून ग्राइंडर फिरला असेल तर इलाज नाही. नवा नंबर आम्ही ठोकून देत नाही, तो गुन्हा आहे.

३बीचं बॉनेट कापून 'एमबी' करून देण्याचं कामही आम्ही घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल चालत नाही. डिझेल इंजिन बसवलेल्या ३बी गल्लोगल्ली आहेत, मूळ पेट्रोल इंजिनाची मात्र जपण्यासारखी. तिचे सुटे भाग इथेच मिळतात, घाटातही ती एमबीपेक्षा सोयीची. संग्रहासाठी एमबी हवी असेल तर पैसा आणि धीर दोन्ही हाताशी ठेवा.

सौदा ठरण्याआधी सांगितलंत तर आम्ही जागेवर येऊन गाडी पाहतो. तपासणीची फी लागते. काम आमच्याकडे दिलंत तर ती बिलातून वजा होते. येण्याआधी आरसी बुक, पुढची चासी आणि इंजिनाची डावी-उजवी बाजू यांचे फोटो पाठवा. गाडी धुतली नाहीत तरी चालेल.