जुन्या लष्करी रायफलसाठी ओतीव गोळ्या : मागणीआधी नळी मोजा

आम्ही ओतीव, म्हणजे शिसे वितळवून साच्यात ओतलेल्या, गोळ्या बनवतो. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. गोळ्या दिसायला सुबक आहेत, पण नेम लागत नाही आणि दहा-बारा फैरींत नळीत शिसे चिकटते. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नळी मोजली होती का? उत्तरही बहुधा ठरलेलेच : मोजायची कशाला, रायफल थ्री-नॉट-थ्री आहे ना!

हे पत्रक त्या उत्तरासाठी लिहिले आहे. मागणी नोंदवण्यापूर्वी एकदा सावकाश वाचा. अर्धा तास नळी मोजण्यात गेला तर पुढचे कित्येक रविवार वाचतात.

नावातला आकडा आणि नळीतले माप

रायफलच्या नळीत पीळ घेत गेलेल्या खाचा असतात आणि दोन खाचांच्या मध्ये उंचवटे. ०.३०३ इंच, म्हणजे ७.७० मिमी, हे समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर झाले. गोळीला मात्र खाचेच्या तळापर्यंत भरून बसायचे असते, आणि ते माप कागदावर ७.९० मिमीच्या आसपास आहे. प्रत्यक्षात ली-एन्फील्डच्या, म्हणजे थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या, नळ्या ८ मिमीच्याही पुढे गेलेल्या सापडतात. युद्धाच्या घाईत बनलेली नळी, त्यावर अनेक वर्षांचा वापर आणि गजाने केलेली साफसफाई, एवढे सगळे झाल्यावर नावातल्या आकड्यावर कसा विश्वास ठेवायचा?

बाकी रायफलींचीही हीच तऱ्हा. रशियन मोसिन-नागां ७.६२ची म्हणवते, खाचांत मात्र साधारण ७.९० मिमी भरते. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ खाचांत ७.८२ मिमी. जर्मन माउझरचा घोळ तर जुनाच आहे : आधीच्या नळ्या ८.०७ मिमीच्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोकदार गोळी आली तेव्हापासूनच्या ८.२० मिमीच्या, आणि बोलताना दोन्हींना 'आठ मिलिमीटर माउझर'च म्हणतात. नव्या मापाचे काडतूस जुन्या नळीत घातले तर दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. तुमची माउझर कोणती, याची खात्री नसेल तर आमच्याकडे मागणी पाठवू नका. आधी रायफल जाणकार बंदूक कारागिराला दाखवा.

तांब्याच्या आवरणाची गोळी मापात थोडी कमी-जास्त असली तरी निभावून नेते. शिशाच्या गोळीला ती सूट नाही. गोळी खाचेपेक्षा बारीक असली की मागचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे निसटतो आणि तिची बाजू कापत जातो. उडालेले शिसे नळीला लेपासारखे बसते, पुढची गोळी त्या लेपावरून घासत जाते, आणि पाचव्या-सहाव्या फैरीपासून नेम विखुरतो. म्हणून ओतीव गोळी खाचेच्या मापाहून एक ते दोन थाऊ जाड घ्यावी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे ०.०२५ मिमी. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटते खरे. सगळा खेळ त्या एवढ्याशाच फरकाचा आहे.

नळी कशी मोजायची

रायफल रिकामी आहे ना, ते पाहा. पुन्हा एकदा पाहा. बोल्ट काढून बाजूला ठेवा. नळी स्वच्छ पुसून आतून तेलाचा हात फिरवा. आता शुद्ध, मऊ शिशाचा एक गोळा घ्या. गळाला लावायचे शिशाचे वजन चालते, फक्त ते नळीच्या तोंडापेक्षा किंचित मोठे हवे. नळीच्या तोंडावर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच ठोका. कडेने शिशाची बारीक चकती कापली जाईल आणि गोळा आत बसेल. मग अखंड पितळी गजाने तो मागच्या बाजूपर्यंत ढकला. तुकड्या-तुकड्यांचा गज वापरू नका, वाकला की नळीला घासतो.

ढकलताना हाताकडे लक्ष असू द्या. सुरुवातीला जोर लागतो, मग गोळा एकसारखा सरकतो. मध्येच सैल पडला तर तिथे नळी फुगलेली किंवा जास्त झिजलेली आहे. अडखळला तर तिथे गंज किंवा जुने शिसे आहे. ही माहिती मायक्रोमीटर देत नाही, हात देतो.

बाहेर आलेल्या गोळ्यावर खाचांची उलटी छाप उठलेली असते : नळीत जिथे खाच, तिथे गोळ्यावर उंच कडा. चार खाचांच्या नळीत दोन कडा समोरासमोर येतात, त्यांवर मायक्रोमीटर लावला की झाले. व्हर्नियर नको, त्याचा भरवसा या कामाला पुरत नाही. ली-एन्फील्डच्या बहुतेक नळ्यांत मात्र पाच खाचा असतात. एका कडेच्या समोर दुसरी कडा येतच नाही, दरी येते, आणि माप खऱ्यापेक्षा कमी दिसते. आमच्याकडे 'नळी घट्ट आहे हो' असे सांगत आलेल्या कितीतरी पाच-खाची नळ्या तपासल्यावर सैल निघाल्या. उपाय सोपा आहे. जाडी ठाऊक असलेल्या पातळ पितळी पत्र्याचा एक वेढा गोळ्याभोवती घट्ट घ्या, त्यावरून मोजा आणि पत्र्याच्या जाडीची दुप्पट वजा करा. युद्धकाळातल्या काही ली-एन्फील्ड आणि स्प्रिंगफील्ड नळ्यांत दोनच खाचा असतात. तिथे हा त्रास नाही, आणि अशा नळ्या शिशाची गोळी छान चालवतात. दोन खाचा पाहून नाक मुरडू नका.

नळीचा घसाही पाहावा लागतो. काडतुसाच्या खोलीपुढे जिथून पीळ सुरू होतो, तो हा भाग. थ्री-नॉट-थ्रीमध्ये कॉर्डाइट ही फार तप्त जळणारी दारू वापरली जाई. तिने ली-एन्फील्डच्या आधीच्या ली-मेटफर्ड रायफलच्या उथळ, गोलसर खाचा इतक्या लवकर खाल्ल्या की १८९५ मध्ये खोल खाचांची एन्फील्ड नळी आणावी लागली. तीही घशापाशी झिजतेच. म्हणून अशा रायफलला आम्ही खाचेच्या मापापेक्षा घशाच्या मापाकडे झुकणारी गोळी सुचवतो.

पण जाड गोळीला एक मर्यादा आहे, ती ओलांडू नका. तुमच्याच रायफलमधून उडवलेली, पुन्हा आकारात न आणलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे पितळी कवच, घ्या आणि तिच्या तोंडात गोळी सरकवून पाहा. हलक्या हाताने आत गेली पाहिजे. अडली तर त्या जाडीची गोळी तुमच्या रायफलला चालणार नाही. पुंगळीच्या मानेला फाकून गोळी सोडायला जागाच मिळणार नाही आणि दाब वाढेल.

कडकपणाचे खूळ

सर्वात कडक गोळी द्या, अशी फर्माईश रोज येते. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा साधारण ५ (आकडा जितका मोठा, तितका धातू कडक). आमची नेहमीची गोळी ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनीची, कडकपणा सुमारे १५. छापखान्यातल्या लायनोटाइपच्या ओळींचा धातू, म्हणजे ४ टक्के कथील आणि १२ टक्के अँटिमनी, २२ पर्यंत जातो. काही ग्राहक बंद पडलेल्या छापखान्यातले असा धातू आणून देतात, आणि मिसळायला तो उत्तमच. पण नुसता त्याचाच आग्रह धरू नका. बारीक कडक गोळीपेक्षा बरोबर मापाची मध्यम गोळी नळी जास्त स्वच्छ ठेवते, हा आमचा रोजचा अनुभव. मार्टिनी-हेन्रीसारख्या काळ्या दारूच्या रायफलला तर मऊच गोळी हवी. तिची मूळ लष्करी गोळी १२ भाग शिसे आणि १ भाग कथील अशी होती, वजन ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅम, वर कागदाचे वेष्टन.

वेग

१८८६ मध्ये फ्रान्सची लेबेल रायफल बिनधुराच्या दारूसह आली आणि गोळीचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या पुढे गेला. त्या वेगाला उघडे शिसे पीळ सोडून घसरते. लष्करी गोळीला धातूचे आवरण आले ते त्यामुळे. तुम्ही ओतीव गोळी वापरता तेव्हा पुन्हा आवरणाआधीच्या वेगांकडे जाता, हे लक्षात ठेवले की अपेक्षा जागेवर राहतात. आमच्या साध्या तळाच्या गोळ्या सेकंदाला ४०० मीटरच्या आत ठेवा. बुडाला तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस चेक, असलेल्या गोळ्या ५५० मीटरपर्यंत नीट जातात. लष्करी काडतुसाचा धक्का आणि पल्ला यात मिळणार नाही. शंभर मीटरवरचा शांत नेम मिळेल, आणि जुन्या रायफलला त्रासही कमी होईल.

स्वीडिश ६.५ मिमी माउझरवाल्यांसाठी वेगळी सूचना. तिचा पीळ २०० मिमीत एक फेरा घेतो, थ्री-नॉट-थ्रीचा २५४ मिमीत. ५०० मीटर वेगाला स्वीडिश गोळी सेकंदाला २५०० फेरे घेते, थ्री-नॉट-थ्रीची साधारण १९७०. गोळीच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो तिथे नेमात लगेच दिसून येतो. म्हणून ६.५च्या गोळ्या आम्ही एकेक तोलून देतो. सुरुवात हळू वेगानेच करा.

दारूचे वजन आम्ही का सांगत नाही

दुकानात विचारा, फोनवर विचारा, उत्तर नाहीच असेल. दारू बनवणाऱ्या कंपनीची छापील आणि चालू पुस्तिका घ्या, त्यात ओतीव गोळीसाठी दिलेलाच भार, म्हणजे दारूचे वजन, घ्या, आणि खालच्या आकड्यापासून सुरू करा. मित्राच्या वहीतला भार मित्राच्या रायफलचा. शिवाय काडतुसे भरायला काही देशांत वेगळा परवाना लागतो, तो तुमच्याकडे असला पाहिजे.

ओतीव गोळीच्या भारात एक खास धोका आहे. लवकर जळणारी थोडीशी दारू मोठ्या पुंगळीत निम्मीही भरत नाही. त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही आणि कळतही नाही. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा प्रकाश टाकून दारूची उंची पाहा. मध्येच फोन आला तर त्या फळीवरच्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा भरा. याउलट, हळू जळणाऱ्या दारूचा भार मनाने कमी करू नका, त्यातही अनपेक्षित दाब उठल्याच्या घटना आहेत.

पुंगळीचे तोंड किंचित फाकवून घ्या, नाहीतर पितळेची धार शिसे खरवडते. आवरणाच्या गोळीसाठीचा एक्सपांडर, म्हणजे पुंगळीची मान आतून रुंद करणारे अवजार, इथे बारीक पडतो. घट्ट मान शिशाची गोळी दाबून लहान करते, आणि तुम्ही मोजलेले दोन थाऊ तिथेच गमावून बसता. वायूवर चालणाऱ्या स्वयंभरित रायफलमध्ये आमच्या गोळ्या वापरू नका. गोळीवरचे मेण आणि शिसे वायूच्या छिद्रात जमते.

वापरानंतर

शिसे चिकटले असेल तर पितळी ब्रशवर तांब्याची जाळी गुंडाळून कोरडेच घासा. सिरका आणि पेरॉक्साइडचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका. त्यातून शिशाचा विद्राव्य, विषारी क्षार तयार होतो. जुन्या लष्करी साठ्यातले क्लोरेटचे प्रायमर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या पुंगळीच्या बुडातल्या टोप्या, वापरले असतील तर आधी साध्या पाण्याने नळी धुवा, मग पुसून तेल द्या. त्या प्रायमरचा क्षार तेलाने निघत नाही, हवेतला ओलावा ओढून घेतो आणि नळी गंजवतो.

गोळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नका. डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका. घरी ओतकाम करणाऱ्यांनी खेळती हवा ठेवावी, वरची मळी काढताना धूळ उडू देऊ नये, आणि वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही आणू नये. ओला तुकडा मुशीत पडला की वाफेने शिसे उसळून अंगावर येते.

मागणीसोबत काय पाठवाल

नळीतून काढलेला शिशाचा गोळा, त्याच रायफलमधली एक उडवलेली पुंगळी, नळीतल्या खाचांची संख्या आणि रायफलचे नाव-साल. गोळा कापसात गुंडाळून कडक डबीत ठेवा. टपालात दबलेला गोळा मोजून आम्ही दिलेले माप तुमच्या नळीचे नसेल, टपालाच्या थैलीचे असेल. गोळा आणि पुंगळी मोजून आम्ही एका थाऊच्या फरकाच्या दोन जाडींत नमुन्याच्या दहा-दहा गोळ्या पाठवतो. आधी त्या उडवून पाहा. कोणत्या जाडीला नळी स्वच्छ राहिली ते कळवा, त्यानंतरच मोठी मागणी घेऊ.