क्ष-किरण दीप्ती टोमोग्राफी : प्रतिमेची पुनर्रचना

शरीरात सोडलेले सूक्ष्म कण क्ष-किरण पडल्यावर चमकतात. त्वचेतून बाहेर येणारा तो उजेड कॅमेऱ्याने टिपायचा आणि कण आत कुठे, किती आहेत हे गणिताने शोधायचे, ही या पद्धतीची कल्पना. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एक्सएलसीटी म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गिलेम प्रात्क्स, कॉलिन कारपेंटर, लेई शिंग आणि सहकाऱ्यांनी ती २०१० मध्ये मांडली. तिचा वापर अजून प्रयोगशाळेतील उंदरांपुरताच आहे. मुळातली घटना मात्र क्ष-किरणांइतकीच जुनी. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये राँटगेन यांना या किरणांचा पत्ता लागला, तो बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा अंधारात चमकताना दिसला म्हणूनच.

कण बहुधा गॅडोलिनियमच्या संयुगांचे असतात, उदाहरणार्थ गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड. त्यात किंचित टर्बियम मिसळले तर उजेड हिरवा पडतो आणि युरोपियम मिसळले तर लाल. हिरवा उजेड रक्तातले हिमोग्लोबिन गिळून टाकते, लाल त्यामानाने दूरवर पोचतो. म्हणून सजीव प्राण्यासाठी युरोपियम बरे. प्रकाशानेच कण उजळवायच्या जुन्या फ्लुओरेसन्स पद्धतीत ऊतीही थोड्या चमकतात आणि खरा संकेत त्या पार्श्वभूमीत बुडतो. क्ष-किरणांनी हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो.

खरी अडचण उजेड बाहेर येताना होते. अंधारात तळहाताखाली बॅटरी लावून पाहावी. सगळा हात लाल होतो, पण आतली हाडे दिसत नाहीत. ऊतीत प्रकाशाचा कण मिलिमीटरभर जाईपर्यंत आपली मूळ दिशा विसरलेला असतो. त्यामुळे आत शेजारी-शेजारी असलेले दोन ठिपके बाहेर एकच धूसर डाग होऊन येतात, आणि त्या डागावरून आत मागे जाताना मोजमापातली जराशी चूक उत्तरात कितीतरी पटींनी फुगते. फ्रेंच गणिती आदामार यांनी १९०२ मध्ये चांगल्या प्रश्नाच्या अटी सांगितल्या : उत्तर असावे, ते एकच असावे आणि माहिती थोडी हलली तर उत्तरही थोडेच हलावे. हा प्रश्न निदान तिसऱ्या अटीला उतरत नाही.

स्टॅनफर्डच्या गटाने यातून काढलेली वाट फार सुंदर आहे. क्ष-किरणांची शलाका पेन्सिलीसारखी बारीक ठेवली की त्या क्षणी फक्त तिच्या रेषेतलेच कण चमकतात. मग उजेड त्वचेतून कुठूनही बाहेर पडो, तो त्याच रेषेवरून निघाला हे पक्के. शलाका सरकवत आणि फिरवत नेली की प्रतिमेची स्पष्टता प्रामुख्याने शलाकेच्या जाडीवर ठरते, प्रकाश किती विखुरला यावर नाही. ब्रिटिश अभियंते हाउन्सफिल्ड यांच्या १९७१ च्या पहिल्या सीटी यंत्राचीही रीत हीच होती. मर्सेड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चांगचिंग ली यांच्या गटाने केशनलिकांच्या भिंगाने किरण एकवटून ही शलाका आणखी बारीक केली. मात्र रेषेमागून रेष घ्यायची तर वेळ फार लागतो. शंकूच्या आकाराचा झोत टाकला तर सगळा प्राणी एकदम उजळतो, मोजणी पटकन आटोपते, पण आदामार यांची अडचण पुन्हा दारात उभी राहते. पुनर्रचना सुधारण्याचे बहुतेक काम चालते ते या झोतासाठी.

त्यासाठी प्राण्याच्या शरीराची हजारो छोट्या चतुष्फलकांत विभागणी करतात, प्रकाशाच्या विसरणाचे, म्हणजे ऊतीत पसरण्याचे, समीकरण सोडवून प्रत्येक तुकड्याचा उजेड त्वचेवर किती पोचेल ते काढतात, आणि मग उलटे जातात. उत्तर भरकटू नये म्हणून त्याला बंधने घालावी लागतात. रशियन गणिती तिखोनोव्ह यांच्या, फार मोठ्या किमतींना दंड लावण्याच्या, रीतीने उत्तर स्थिर होते, पण पसरट. कण थोड्याच जागी आहेत असे गृहीत धरणाऱ्या विरळतेच्या रीतीने कण साठलेली गाठ (ट्यूमर) ठळक दिसते, मात्र बंधन जास्त आवळले तर रुंद गाठही आकसून टिंब होते. उदाहरणांवरून शिकणारी न्यूरल जाळी (संगणकीय प्रणाली) झटपट उत्तर देतात. पण ज्या जाळ्याने शिकताना फक्त गोल ठिपके पाहिले, ते लांबट गाठही गोल काढण्याकडे झुकते. माझ्या मते यांपेक्षा मोलाचे काम म्हणजे प्रकाशाची वाट खरी मांडणे. यकृत प्रकाश शोषते, फुप्फुस तो विखुरते. सारे शरीर एकजिनसी मानले की गाठीची खोली चुकते. सीटीची प्रतिमा सोबत घेतलेली असली तर अवयवांच्या सीमा आयत्या हाती असतात, त्या वापरायलाच हव्यात.

रीत तपासायला आधी खोटे शरीर करतात. आगार या जेलीसारख्या पदार्थाच्या वृत्तचितीत शिरेतून द्यायचे दुधाळ स्निग्ध द्रव मिसळतात, काळेपणासाठी शाईचे थेंब टाकतात आणि कणांनी भरलेल्या केसासारख्या काचनळ्या खुपसतात. नळ्या कुठे आहेत हे सीटीवर दिसतेच, त्यामुळे गणिताचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येते. नळ्या एकमेकींजवळ आणत गेले की कुठल्या अंतरावर दोन ठिपक्यांचा एक होतो, ते कळते.

जिवंत उंदरात मात्र शिरेतून दिलेल्या कणांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा उचलतात. झोत पडताच गाठीच्या आधी यकृतच लख्ख पेटते आणि ‘कण थोड्याच जागी आहेत’ हे गृहीतक तिथेच मोडते. जवळची मंद गाठ त्या उजेडातून वेगळी काढणे हा आजही या क्षेत्रातला अवघड भाग आहे.