थेरपिस्टशी सूर जुळतोय का?

दोन-तीन सेशन झाली की अनेकांच्या मनात येतं, आपण योग्य माणसाकडे आलोय ना? पण विचारायचं कसं, या भिडेपोटी काही जण मन मारून जात राहतात, तर काही जण एक दिवस फोन घेणंच बंद करतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलं की उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: परस्परांवरचा विश्वास, कुठे पोहोचायचं यावर एकमत आणि त्यासाठी काय करायचं यावर एकमत. आपण पहिलीच गोष्ट पाहतो. समजा, आई गेल्यापासून तुम्हाला रात्री तीनला जाग येते, ऑफिसात डोकं चालत नाही. तुम्हाला आधी झोप हवी आहे. थेरपिस्ट प्रेमळ आहेत, पण तासभर तुमचं लहानपणच विचारतात आणि का, ते सांगत नाहीत. अशा वेळी नुसत्या प्रेमळपणाने गुण येत नाही.

भाषेचंही तसंच. ‘जीव घाबरा होतो’ हे ज्याला इंग्रजीत करून सांगावं लागतं, त्याची निम्मी ताकद तिथेच खर्च होते.

सूर जुळत नाहीये, हे थेरपिस्टना आपसूक कळेल, असं मात्र धरून चालू नका. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात उपचार घेणाऱ्या ५५० जणांपैकी कोणाची मानसिक तब्येत बिघडेल, हे थेरपिस्टना विचारलं. त्यांनी तिघांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात बिघडली ४० जणांची. म्हणून काही थेरपिस्ट सेशन संपताना एक कागद पुढे करतात. त्यावर दहा-दहा सेंटिमीटरच्या चार रेघा असतात: माझं ऐकून घेतलं का, मला हवं त्यावर बोललो का, पद्धत पटली का, एकूण कसं वाटलं. प्रत्येक रेघेवर खूण करायची. असा कागद मिळाला नाही, तर घरी येऊन वहीत करा.

सेशननंतर रडू आलं, थकवा आला, म्हणजे जोडी चुकली असं नाही. दुखरी जागा हलली की दुखतंच. आपण तिथे खरं बोलतो की समोरच्याला बरं वाटेल असं बोलतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एकदा सांगून पाहा: “मागच्या वेळचं तुमचं एक वाक्य मला लागलं.” त्यांनी थांबून “कोणतं?” असं विचारलं, तर आणखी काही सेशन जरूर द्या. अशी तेढ बोलून सुटते तेव्हा उपचारालाही बळ मिळतं, असं संशोधन सांगतं. तुमचाच गैरसमज झालाय, हे ते पटवत बसले, तर त्यांच्याकडेच दुसऱ्या थेरपिस्टचं नाव मागा. ते देणं त्यांच्या कामाचाच भाग आहे.